रायझन ९७००एक्ससाठी बी६५० टॉमाहॉक घेतला, एक्स८७० का नाही घेतला ते सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेले सुटतील. एएमडीच्या रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसरसाठी एमएसआय कंपनीचा मॅग बी६५० टॉमाहॉक वायफाय मदरबोर्ड घेतला, लग्नसराईचा अख्खा सीझन रगडून वापरला, आणि बोर्डावर मी खूश आहे. दुकानदार, यूट्यूब आणि माझा मावसभाऊ असे तिघंही एक्स८७० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे यूएसबी, हार्ड डिस्क वगैरे जोडण्या सांभाळणारी बोर्डावरची चिप) महाग बोर्ड घे म्हणून मागे लागले होते. तिघांचं ऐकलं नाही. वाचलेल्या पैशात दोन टीबीची चांगली एसएसडी आली, आणि माझ्या कामात ती एसएसडी रोज उपयोगी पडते, चिपसेटचं नाव कोणी विचारतही नाही.

मी जळगावला असतो, लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे व्हिडिओ एडिट करतो, डाव्हिंची रिझॉल्व्हवर. जुनं मशीन बी४५० बोर्डाचं, त्यावर आधी रायझन ५ २६०० होता आणि नंतर बोर्ड, रॅम, कॅबिनेट सगळं तेच ठेवून फक्त बायोस (मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट मारून ५७००एक्स बसवला होता. एका बोर्डावर दोन प्रोसेसर खाल्ले. ही चव एकदा लागली की माणूस बोर्ड घेताना पहिलं हेच विचारतो, की बाबा पुढचा प्रोसेसर यात बसेल का? एएमडीने एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आणलं आणि २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं जाहीर केलंय. आधीच्या एएम४ सॉकेटच्या बाबतीत तरी शब्द पाळला होता, २०१७ च्या बोर्डांवर २०२२ चा ५८००एक्स३डी चालला, त्यामुळे यावेळी विश्वास ठेवायला हरकत नाही.

इंटेल का नाही, असं विचारणारे येणारच, म्हणून आताच लिहितो. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १२, १३, १४ या तीन पिढ्यांना पुरलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० आले तेव्हा १८५१ आलं, म्हणजे जुना बोर्ड बाद. पण एक गोष्ट इंटेलच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, तुमचा कॅमेरा जर ४:२:२ दहा-बिट एच२६५ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) फुटेज देत असेल आणि ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर इंटेलचं क्विक सिंक (प्रोसेसरमधला व्हिडिओ डिकोड करणारा भाग) टाइमलाइनवर लोण्यासारखं चालतं, एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती सोय नाही. मी ४:२:० मध्ये शूट करतो आणि ते डिकोड माझं ग्राफिक्स कार्ड करतं, त्यामुळे मला अडलं नाही. तुमचं फुटेज कुठलं आहे ते बघा आणि मग प्रोसेसर ठरवा, बोर्डाची गोष्ट त्याच्यानंतर.

आता मुख्य मुद्दा, चिपसेट. खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात केली. दादरला उतरून ग्रँट रोड गाठायचं आणि दोन-चार दुकानांत भाव काढायचा, हा आमचा जुना शिरस्ता. पहिल्याच दुकानात काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, नऊ हजार सिरीजला आठशे सिरीजचाच बोर्ड लागतो. सहाशेवर चालू होईल, पण परफॉर्मन्स भेटणार नाही." म्हणजे ९७००एक्सला एक्स८७० च पाहिजे, बी६५० नको. मी म्हटलं, का नाही भेटणार? तर म्हणे चिपसेट जुना आहे ना. इथेच गंमत आहे. एक्स८७० च्या बोर्डावर जी चिपसेटची चिप असते तीच प्रोमोंटरी २१ बी६५० वर पण असते, बी६५०ई वर पण तीच, आणि एक्स६७० वर त्याच दोन लावलेल्या असतात. एक्स८७० ला वेगळं काय, तर यूएसबी४ (वेगवान टाइप-सी जोडणी) बोर्डावर असायलाच पाहिजे आणि ग्राफिक्सच्या स्लॉटला आणि एका एम.२ ला (एसएसडीच्या स्लॉटला) पीसीआयई ५.०, म्हणजे जेन ५ ची वेगवान जोडणी, असायलाच पाहिजे अशी एएमडीची अट आहे. बास. प्रोसेसरला ताकद द्यायचं काम चिपसेट करतच नाही, ते बोर्डावरचे व्हीआरएम (प्रोसेसरला लागेल तसं व्होल्टेज करून देणारे भाग) करतात, आणि रॅम आणि ग्राफिक्स कार्ड थेट प्रोसेसरलाच जोडलेलं असतं.

बरं त्या यूएसबी४ ची पण एक गोम आहे. त्याचा कंट्रोलर प्रोसेसरच्या चार लेन (डेटा जायचे रस्ते) खातो, त्यामुळे बऱ्याच एक्स८७० बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की यूएसबी४ चा वेग अर्धा होतो, नाहीतर त्या लेन दोघांत वाटून घ्याव्या लागतात. म्हणजे जास्त पैसे देऊन एसएसडी लावायच्या आधी मॅन्युअलमधला तक्ता वाचत बसायचं. माझ्याकडे यूएसबी४ वर चालणारी एकही वस्तू नाही, कार्डरीडर साधा आहे, क्लायंटला द्यायची हार्ड डिस्क पण साधीच. मग कशाला?

मी हे सगळं त्या पोराला सांगितलं नाही हां, उगाच वाद कशाला, "बी६५० टॉमाहॉक आहे का तेवढं सांग भाऊ" म्हटलं, तो नाही म्हणाला, पुढच्या दुकानात मिळाला. तिथल्या शेठनी पण एकदा एक्स८७० चं नाव काढून बघितलं पण फार ताणलं नाही. दोघांत दहा हजारांच्या आसपास फरक होता. २०२५ च्या शेवटाला डीडीआर५ रॅमचे आणि एसएसडीचे भाव जे भडकले ते ज्यांनी बघितलेत त्यांना दहा हजार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

बोर्डाचं स्वतःचं बघू. एटीएक्स साइजचा आहे, छोट्या कॅबिनेटवाल्यांनी आधी मोजून घ्या. चार रॅमचे स्लॉट, तीन एम.२ आणि तिन्ही जेन ४ (पीसीआयई ४.०), सहा साटा पोर्ट, अडीच गिगाबिट लॅन, वायफाय ६ई, मागे वीस जीबीपीएसचा एक टाइप-सी. आयओ शील्ड बोर्डालाच लावून येते, त्यामुळे ती पत्र्याची प्लेट कॅबिनेटमध्ये दाबून बसवताना बोटं कापायचा कार्यक्रम यात नाही. सहा साटा पोर्ट हे माझ्यासाठी मोठं कारण होतं, कारण जुन्या लग्नांचा डेटा मी अजून चार टीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि हल्लीच्या नव्या बोर्डांवर साटा पोर्ट कमी कमी होत चाललेत, काहींवर चारच असतात.

जेन ५ मात्र यात कुठेच नाही, ग्राफिक्सचा स्लॉट पण जेन ४ आणि एम.२ पण. याचा फरक पडतो का? जेन ४ ची चांगली एसएसडी सात हजार एमबी प्रति सेकंदाच्या आसपास वाचते. माझं सगळ्यात जड फुटेज तेवढ्याला हात पण लावत नाही. जेन ५ च्या एसएसडी दहा-चौदा हजारांवर जातात हे खरं, पण त्या तापतात पण तशाच आणि भाव बघितला की आपण पण तापतो. ग्राफिक्स कार्डाचंही तेच, नवीन आरटीएक्स ५० सिरीज जेन ५ ची आहे पण जेन ४ च्या पूर्ण सोळा लेनवर लावली तर रोजच्या वापरात फरक जाणवत नाही.

व्हीआरएम हा खरा पैशाचा भाग. बोर्डावर १४+२+१ फेज (पॉवरचा भार वाटून घेणारे भाग) आहेत, पॉवर स्टेज ८० अँपिअरचे. ९७००एक्स हा ६५ वॅटचा प्रोसेसर, प्रत्यक्षात सॉकेटला ८८ वॅटपर्यंत पॉवर ओढायची मुभा असते. सप्टेंबर २०२४ च्या बायोस अपडेटपासून एएमडीने याला १०५ वॅटचा मोड दिला, वॉरंटी शाबूत ठेवून, त्यात हा आकडा १४२ वॅटवर जातो. म्हणजे या बोर्डाला ९७००एक्स म्हणजे चिल्लर काम आहे. मग एवढे फेज कशाला घेतले? दोन कारणं. एक, उद्या यातच सोळा कोअरचा प्रोसेसर टाकायचा म्हटलं तर ९९५०एक्स बरीच जास्त पॉवर ओढतो आणि तिथे स्वस्तातले बोर्ड घाम गाळतात. दुसरं कारण जळगावचा मे महिना. बाहेर चव्वेचाळीस, खोलीत कूलर चालू असला तरी छत्तीस-सदतीस, आणि त्यात रात्रभर रेंडर. पुण्या-मुंबईत एसीत बसून केलेल्या टेस्टिंगचे आकडे आमच्याकडे अर्धेच खरे असतात. रेंडर चालू असताना मी व्हीआरएमच्या हीटसिंकला हात लावून बघितलाय, कोमट लागतं, चटका बसत नाही. १०५ वॅटचा मोड थोडे दिवस चालू ठेवून बघितला, रेंडरला थोडा फरक पडतो पण प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचा आवाज जेवढा वाढतो तेवढा फायदा मला वाटला नाही, परत ६५ वर आणला.

आता ज्यासाठी हा बोर्ड निवडला ते बटण. बोर्डाच्या मागच्या बाजूला फ्लॅश बायोस म्हणून एक छोटं बटण आहे. बी६५० बोर्ड २०२२ साली आले आणि ९००० सिरीज ऑगस्ट २०२४ ला, त्यामुळे दुकानातला बोर्ड जर जुन्या स्टॉकचा असेल तर त्यातला बायोस ९७००एक्सला ओळखतच नाही. पीसी चालू करा, पंखे फिरतील, स्क्रीन काळी. इथेच बरेच लोक "प्रोसेसर डेड आहे" म्हणून परत करायला जातात आणि दुकानदार म्हणतो बघा मी सांगितलं होतं आठशे सिरीज घ्या. आणि बायोस अपडेट करायला जुना ७००० सिरीजचा प्रोसेसर कुठून आणणार? या बटणाने प्रोसेसर आणि रॅम नसली तरी अपडेट होतो.

करायचं असं. एमएसआयच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा बायोस घ्यायचा, मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, टॉमाहॉक नावाचे पाच-सहा बोर्ड आहेत. झिप उघडायची, आतल्या फाइलचं नाव बदलून एमएसआय डॉट रॉम करायचं. विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दिसत नसेल तर आधी ते दिसेल असं सेटिंग करा, नाहीतर नाव बदललं असं वाटतं आणि मागे जुनं एक्स्टेन्शन तसंच राहतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइल सगळ्यात बाहेर ठेवायची, फोल्डरमध्ये नाही. पॉवर सप्लायची २४ पिनची आणि ८ पिनची केबल बोर्डाला लावायची, पेनड्राइव्ह मागे ज्या पोर्टवर फ्लॅश बायोस लिहिलंय त्यातच लावायचा, आणि बटण दाबायचं. शेजारचा लाल लाइट लुकलुकायला लागतो. काही मिनिटं लागतात, लाइट बंद झाला की झालं. मधे हात लावायचा नाही, आणि आमच्यासारखी लाइट कधीही जाणारी जागा असेल तर यूपीएसवरच करा. जुना पेनड्राइव्ह असेल तर बरा, मोठ्या नव्या पेनड्राइव्हवर हे प्रकरण कधी कधी नाटकं करतं.

बाकीच्या कंपन्यांकडे पण ही सोय आहे, असुसकडे बायोस फ्लॅशबॅक, गिगाबाइटकडे क्यू-फ्लॅश प्लस. पण प्रत्येक मॉडेलवर असेलच असं नाही, म्हणून बॉक्सवरचा फोटो बघून मागच्या पोर्टांमध्ये बटण दिसतंय का ते बघा. बायोस नवा टाकायचं अजून एक कारण, २०२३ साली रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाल्याच्या केसेस झाल्या होत्या, त्यानंतर एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर वगैरे भाग) व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधूनच घातली. जुन्या बायोसवर एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू करून मशीन वापरायचं नाही, सरळ गोष्ट.

रॅम. ३२ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर५ ६०००, एक्सपोवाली. काड्या दोनच घ्या. चार स्लॉट दिसतात म्हणून आत्ता दोन सोळाच्या आणि पुढे अजून दोन असा विचार डीडीआर४ मध्ये खपून जायचा, इथे चार काड्या लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो, त्यापुढे चाललं तर तुमचं नशीब. दोन काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर घाबरू नका! काळी स्क्रीन, बोर्डावर डीरॅम लिहिलेला पिवळा लाइट चालू, आणि काहीच होत नाही. हे मेमरी ट्रेनिंग आहे, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, एएम५ च्या सगळ्याच बोर्डांवर होतं, कुठल्या कंपनीचा दोष नाही. चहा घेऊन या. मी चहा पिऊन आलो तेव्हा बायोसचा स्क्रीन आला होता. एक्सपो चालू केलं की परत एकदा तेच. नंतर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवायचं सेटिंग) चालू ठेवलं तर रोजचं बूट पटकन होतं. बोर्डावर दोन आकडी कोड दाखवणारा डिस्प्ले नाही, फक्त चार लाइट आहेत, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. या किमतीत तो छोटा डिस्प्ले दिला असता तर बरं झालं असतं, पण घरी जोडणाऱ्याला चार लाइट पुरतात.

एम.२ च्या हीटसिंकखाली थर्मल पॅडला पातळ पारदर्शक फिल्म असते, ती काढायची असते. जोडून दिलेल्या मशीनमध्ये सुद्धा मी ती फिल्म तशीच राहिलेली बघितलीय आणि मालक विचारतोय एसएसडी का तापते म्हणून. विंडोज टाकायच्या आधी लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट मागत बसतो आणि कार्ड ओळखलं नाही तर तिथेच अडकतो. वायफायचे अँटेना बॉक्समध्ये आहेत, ते लावल्याशिवाय सिग्नल येत नाही म्हणून ओरडू नका, मावसभाऊ ओरडला होता. जुना एएम४ चा कूलर बऱ्याचदा बसतो, पण तो बोर्डासोबत आलेलीच मागची प्लेट वापरणारा असला पाहिजे, कारण एएम५ ची प्लेट निघत नाही.

दुकानात बोर्ड ताब्यात घेताना मात्र घाई करू नका. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नाहीत, सॉकेटमध्ये आहेत, तब्बल १७१८. बॉक्स दुकानदारासमोरच उघडायला लावा, सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी काढायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, सगळ्या पिना एका रांगेत चमकल्या पाहिजेत, एखादी वाकडी असेल तर तिथली चमक तुटते. ओळखीच्या एकाचा बोर्ड, कंपनीचं नाव घेत नाही, सर्व्हिस सेंटरने वाकलेली पिन दाखवून वॉरंटीतून परत पाठवला, आणि पिन आधीच तशी होती की त्याने वाकवली हे सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. टोपी फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ती सॉकेटवर लागते. बिल जीएसटीचं घ्या, १८ टक्के जातात पण बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, बिनबिलाचे हजार रुपये वाचवून तीन वर्षांची वॉरंटी घालवणं परवडत नाही.

हा बोर्ड कोणी घेऊ नये ते पण सांगतो. फक्त ऑफिसचं काम, टॅली आणि थोडं ब्राउझिंग असेल तर एवढे फेज वाया आहेत, ए६२० चा बोर्ड आणि ७६०० सारखा प्रोसेसर पुरे, ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही, एवढंच. यूएसबी४ च्या डॉकवर किंवा बाहेरच्या फास्ट एसएसडीवर थेट एडिट करणाऱ्यांनी एक्स८७० घ्या, तिथे तुमचे पैसे खरंच कामाला येतात. आणि बी८४० च्या नावाला भुलू नका, ८५० च्या जरासा खालचा असेल असं वाटतं, पण त्याचा चिपसेट पीसीआयई ३.० चा आहे आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग नाही, नाव नवं असलं तरी बी६५० त्याच्यापेक्षा वरचढ.

बी८५० विचारताय तर, तो जानेवारी २०२५ पासून आलाय, चांगला आहे, एक एम.२ जेन ५ मिळतो आणि जुन्या बायोसची कटकट ९७००एक्सला येत नाही. तुमच्या बाजारात चांगल्या व्हीआरएमच्या बी८५० आणि या टॉमाहॉकमध्ये हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर बी८५० घ्या, मी पण तोच घेतला असता. फरक पाच हजारांच्या वर गेला तर टॉमाहॉक, आणि साटाच्या हार्ड डिस्क चारपेक्षा जास्त असतील तर बी८५० चे साटा पोर्ट मोजूनच पैसे काढा.